साठीनंतरचा वर्ग

प्रभाताई अत्रे १९९२ साली एसएनडीटी महिला विद्यापीठातून निवृत्त झाल्या. १९७९पासून त्या तिथे पदव्युत्तर संगीत विभागाच्या प्रमुख होत्या. त्यानंतर तीस वर्षांहून जास्त काळ त्या गात राहिल्या. पद्मविभूषण मिळालं २०२२ साली. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवाची सांगता कित्येक वर्षं त्यांच्या गाण्यानं होत असे. १३ जानेवारी २०२४ रोजी, वयाच्या ९१व्या वर्षी त्या गेल्या. त्या दिवशीही मुंबईत त्यांचा कार्यक्रम ठरलेला होता. रसायनशास्त्राचे प्राध्यापक निवृत्त होताना निदान प्रयोगशाळेच्या किल्ल्या तरी परत करतात. गाणाऱ्या बाईंनी काय परत करायचं?

प्रभाताईंच्या गाण्यावर भरपूर लिहिलं गेलं आहे. मारुबिहाग आणि कलावतीची त्यांची ध्वनिमुद्रिका ज्यांच्या घरी झिजली, ती पिढी अजून आहे. पण त्या तेरा वर्षांबद्दल, म्हणजे हजेरीपट, प्रश्नपत्रिका आणि विभागाच्या बैठका यांत गेलेल्या काळाबद्दल, कुणी फारसं बोलत नाही. मला त्याचंच जास्त कुतूहल आहे. आपली विरार लोकल साठ किलोमीटर धावून जिथे थांबते, त्या चर्चगेटलाच हे विद्यापीठ आहे. वसई-विरारच्या मुली आजही त्या आवारात शिकायला जातात. सकाळच्या गाडीत लोंबकळत, घामाघूम होऊन पोचलेल्या मुलीनं तंबोऱ्याशी षड्ज लावायचा म्हणजे काय, हे ज्यानं हा प्रवास केलाय त्यालाच कळेल.

प्रभाताईंचा रस्ताही सरळ नव्हता. आई इंदिराबाई आजारी असायच्या. विरंगुळा म्हणून त्यांनी पेटी शिकायला सुरुवात केली. आईचं शिकणं लवकरच थांबलं, लेकीचं सुरू राहिलं. पुढे सुरेशबाबू माने आणि हिराबाई बडोदेकर यांच्याकडे रीतसर तालीम झाली. जोडीला विज्ञानाची पदवी, कायद्याची पदवी. संगीत नाटकांत भूमिका, आकाशवाणीत सहायक निर्माती म्हणून नोकरी. आणि मग डॉक्टरेट, तीही सरगम या विषयावर.

हा विषय निवडण्यातच मला त्यांच्यातली प्राध्यापिका दिसते. ख्याल गाताना आलापीत सा-रे-ग अशी स्वरांची नावंच उच्चारायची, ही गोष्ट किराणा घराण्यात अब्दुल करीम खाँसाहेबांपासून चालत आलेली. सोवळ्या कानांना ती खपत नसे. सरगम म्हणजे गाण्याचं व्याकरण, ते मैफलीत कशाला, असा आक्षेप. साधा गवई अशा वेळी ‘आमच्या घराण्यात असंच गातात’ म्हणून मोकळा झाला असता. प्रभाताईंनी त्याचा अभ्यास केला, प्रबंध लिहिला, आणि गातही राहिल्या. घराण्यात ‘का’ विचारलेलं चालतंच असं नाही. वर्गात मात्र ‘का’ विचारणारी मुलगी समोर बसलेली असते, आणि तिला उत्तर द्यावं लागतं.

शिवाय वर्गाच्या अडचणी वेगळ्याच. विलंबित एकतालाचं एक आवर्तन मिनिटभर चालू शकतं, आणि तास असतो पाऊणेक. तंबोरे जुळेपर्यंत त्यातली दहा मिनिटं संपलेली असतात. एकीची पट्टी काळी चार, दुसरीची काळी पाच, तिसरीला कालपासून सर्दी. एकीला गायिका व्हायचंय, दोघींना शाळेत संगीतशिक्षिकेची नोकरी हवीय, उरलेल्या नुसत्या आवड म्हणून आलेल्या. गुरूला शिष्य निवडता येतो. प्राध्यापकाला यादी येते.

‘कॉलेजात गवई घडत नाहीत’ हा टोमणा १९०१ इतका जुना आहे. त्या वर्षी मे महिन्यात विष्णु दिगंबर पलुसकरांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. फळा, वर्ग, परीक्षा असं सगळं गाण्यात आलं, आणि उस्तादांच्या घरात बंद असलेली विद्या चार लोकांना मिळू लागली. टोमण्याला उत्तर म्हणून लखनौच्या मॅरिस कॉलेजचं नाव घेतात. भातखंड्यांच्या पुढाकारानं १९२६मध्ये निघालेलं हे कॉलेज प्राचार्य म्हणून अण्णासाहेब रातंजनकरांनी वाढवलं. चिदानंद नगरकर, एस. सी. आर. भट, के. जी. गिंडे, दिनकर कैकिणी हे सगळे त्यांचे विद्यार्थी. पण गिंडे लहान वयातच अण्णासाहेबांच्या घरी राहायला गेले होते, हेही सांगायला हवं. म्हणजे कॉलेजच्या पोटातच गुरुकुल चालू होतं. वेळापत्रकाचं श्रेय त्यात थोडंच.

माझं म्हणणं वेगळं आहे. टोमणा खरा असेल तर असू दे. मराठीच्या प्राध्यापकाला आपण ‘तुम्ही किती कवी घडवलेत’ असं विचारत नाही. वाचक घडला तरी भरून पावतो. मग संगीताच्या प्राध्यापकालाच गवयांचा हिशेब का मागायचा? त्यानं ऐकणारा माणूस तयार केला तर ते काम दुय्यम नाही. उलट त्याच्याशिवाय मैफल उभीच राहत नाही.

हे काम मुद्दाम हाती घेतलेला माणूस म्हणजे डॉ. अशोक दा. रानडे. १९६८मध्ये मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचे ते पहिले संचालक झाले. १९८३मध्ये, निवृत्तीचं वय बरंच लांब असताना, ते तिथून बाहेर पडले आणि पुढे एनसीपीएमध्ये संशोधन करू लागले. ‘बैठकीची लावणी’, ‘देवगाणी’ असे त्यांचे कार्यक्रम म्हणजे तिकीट काढून बसायचे वर्गच होते. गाणं चालू, आणि मधे मधे हे असं का आहे ते सांगणं. विद्यापीठ सुटलं तरी वर्ग सुटला नाही, इतकंच. २०११मध्ये ते गेले.

आता आपल्या गावाकडे येऊ. २०११च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची वस्ती बारा लाखांच्या वर होती, तेव्हापासून नवे टॉवर किती उठले ते आपण पाहतोच आहोत. इथे गाण्याची कमी नाही. लोकलच्या डब्यात टाळ वाजवणारी भजनी मंडळं आहेत. चर्चमध्ये मराठी उपासनेला पेटी-तबल्याची साथ आहे, लग्नात बँड आहे. सोसायटीच्या दोन खोल्यांत चालणारे गाण्याचे क्लास तर गल्लोगल्ली. मुलं गांधर्वच्या परीक्षांना बसतात, प्रारंभिक, प्रवेशिका, फार तर मध्यमा. मग दहावी येते आणि पेटी पलंगाखाली जाते. विशारदपर्यंत पोचणारे मोजकेच. हे अर्धवट शिकलेले लोक आता तिशी-चाळिशीचे झालेत. त्यांना सम कळते, राग ओळखू येत नाही. गाणं आवडतं, पण तासभर बसून ऐकायचं कसं हे कुणी शिकवलेलं नाही. इतका तयार विद्यार्थी कुठल्याही कॉलेजला मिळणार नाही.

आणि शिकवणारे? मुंबईच्या शाळा-कॉलेजांत आयुष्य काढून इथे स्वस्त घर घेतलेले शिक्षक या पट्ट्यात बरेच आहेत. त्यांत संगीताचे असणारच. आपण त्यांना गणपतीत सुगमसंगीत स्पर्धेचे परीक्षक म्हणून बोलावतो, शाल-श्रीफळ देतो, आणि पुढच्या गणपतीपर्यंत विसरतो. निवृत्त प्राध्यापकाचा याहून मोठा अपव्यय मला सुचत नाही.

तेव्हा एक करा. तुमच्या सोसायटीत, आळीत असे कुणी बाई किंवा सर असतील तर त्यांच्याकडे श्रवणवर्ग मागा. गायला शिकवू नका म्हणावं, ऐकायला शिकवा. महिन्यातला एक रविवार, क्लबहाऊस किंवा समाजमंदिर, वीस सतरंज्या, एक बरा स्पीकर. सुरुवात कलावतीनं करायला हरकत नाही. रे आणि म वर्ज्य, पाचच स्वर, नवख्या कानालाही पहिल्या दिवशी सापडतील. आणि शाल नको. मानधन ठरवून, पाकिटात घालून, वर्ग संपल्यावर त्याच दिवशी द्या.