विश्लेषण : सहा ओळींच्या शिलालेखावरून इस्रायल-तुर्की वाद का? ज्यूंचा प्राचीन इतिहास नेमका काय सांगतो?

सप्टेंबर २०२५ मध्ये, गाझातले युद्ध सुरू असतानाच, इस्रायलचे पंतप्रधान बेंजामिन नेतान्याहू यांनी जेरुसलेममध्ये जमिनीखालच्या एका उत्खनन स्थळी एक जुना किस्सा सांगितला. सोबत अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री मार्को रुबियो होते. १९९८ मध्ये आपण तुर्कीचे तेव्हाचे पंतप्रधान मेसुत यिल्माझ यांच्याकडे इस्तंबूलच्या संग्रहालयातला एक शिलालेख मागितला होता, त्या बदल्यात आमच्याकडच्या ऑटोमन काळातल्या हव्या तेवढ्या वस्तू घ्या असेही सुचवले होते, पण नकार मिळाला, असे नेतान्याहू म्हणाले. कारण काय, तर इस्तंबूलचे तेव्हाचे महापौर आणि त्यांचे समर्थक नाराज होतील. ते महापौर म्हणजे आजचे तुर्कीचे अध्यक्ष रेसेप तय्यिप एर्दोगन. काही दिवसांतच एर्दोगन यांचे उत्तर आले : शिलालेख सोडाच, जेरुसलेमचा एक खडाही मिळणार नाही.

दोन देशांच्या प्रमुखांनी ज्यावरून एकमेकांना सुनवावे, असे त्या दगडावर आहे तरी काय?

शिलालेखात काय लिहिले आहे?

गंमत म्हणजे त्यात ना देवाचे नाव आहे, ना राजाचे, ना राज्याचे. त्यात आहे ती खोदकाम करणाऱ्या मजुरांची गोष्ट. जेरुसलेमच्या प्राचीन तटाबाहेर गिहोन नावाचा झरा आहे. त्याचे पाणी शहराच्या आत, सिलोअमच्या तळ्यात आणण्यासाठी खडक फोडून सुमारे ५३३ मीटर लांबीचा बोगदा खणण्यात आला. दोन तुकड्या दोन टोकांकडून खणत आल्या. तीन हात खडक उरला तेव्हा पलीकडच्या माणसाची हाक ऐकू आली, कुदळीला कुदळ भिडली आणि पाणी १२०० हात वाहत गेले, असे हा लेख सांगतो. (हे माप म्हणजे आपलाच ‘हात’, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत.)

लिपी प्राचीन हिब्रू. बोगद्याचा काळ इ.स.पू. ७०० च्या आसपासचा आहे, याला शास्त्रीय कालमापनाचाही आधार मिळाला आहे. बायबलमध्ये हिज्कीया राजाने तळे आणि जलमार्ग बांधून शहरात पाणी आणल्याचा उल्लेख आहे. त्यामुळे हा बोगदा त्याचाच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. असिरियाचा सम्राट सेनाखेरीब इ.स.पू. ७०१ मध्ये चालून आला होता आणि वेढा पडला तर पाणी तटाच्या आत असणे ही जगण्यामरण्याची बाब होती. सेनाखेरीबच्या स्वतःच्या नोंदीही सापडल्या आहेत. हिज्कीयाने त्याला ३० तलांत सोने खंडणी दिली, हा आकडा असिरियन नोंद आणि बायबल दोन्हीकडे सारखा आहे. चांदीच्या आकड्यावर मात्र एकमत नाही. असिरियन म्हणतात ८०० तलांत, बायबल म्हणते ३००.

१८८० मध्ये बोगद्यात हा लेख सापडला तेव्हा जेरुसलेम ऑटोमन साम्राज्यात होते. दहाएक वर्षांनी चोरांनी तो भिंतीतून कापून काढला, त्यात तो फुटला. तुकडे हस्तगत झाल्यावर साम्राज्याच्या राजधानीत, म्हणजे इस्तंबूलला पोहोचले. तेव्हापासून तो तिथेच आहे.

दगड विखुरले कुठे कुठे?

ज्यूंच्या प्राचीन इतिहासाचे महत्त्वाचे पुरावे जेरुसलेमच्या बाहेरच जास्त आहेत. ‘इस्रायल’ हे नाव पहिल्यांदा स्पष्टपणे येते ते इजिप्तच्या मेर्नेप्ताह या फॅरोच्या विजयस्तंभावर, इ.स.पू. १२०८ च्या सुमारास. तो स्तंभ कैरोत आहे. त्यात इस्रायलचा आपण नायनाट केला, अशी फुशारकी आहे. लेखनिकाने शेजारच्या शहरांना ‘देश’ दर्शवणारे चिन्ह लावले, पण इस्रायलला ‘लोक’ दर्शवणारे. म्हणजे तेव्हा ते राज्य नव्हते, एक जनसमूह होता. सेनाखेरीबने लाखीश हे यहुदाचे शहर कसे जिंकले याची शिल्पे लंडनमध्ये आहेत. मवाबचा राजा मेशा याचा स्तंभ पॅरिसमध्ये. आणि ‘दावीदाचे घराणे’ असा उल्लेख असलेला आरामी भाषेतला लेख १९९३ मध्ये उत्तर इस्रायलमधल्या तेल दान इथे सापडला.

यातून काय सिद्ध होते आणि काय नाही, हे वेगळे करायला हवे. इ.स.पू. नवव्या शतकापासून इस्रायल आणि यहुदा अशी दोन राज्ये होती, याबद्दल शंका घ्यायला जागा नाही. दावीद नावाचा घराण्याचा मूळपुरुष होता, हेही बहुतेकांना मान्य आहे. पण त्याचे आणि सोलोमनचे राज्य बायबल सांगते तेवढे विशाल होते का, यावर खुद्द इस्रायली पुरातत्त्वज्ञांमध्येच कडाक्याचा वाद आहे. इजिप्तच्या गुलामगिरीतून मोझेसने लाखो लोकांना बाहेर काढल्याचा पुरावा इजिप्तच्या नोंदींत नाही. प्राचीन इस्रायली बहुतांशी कनानच्याच डोंगराळ भागातल्या स्थानिक लोकांतून घडले, असे आज बरेच अभ्यासक मानतात. जेरुसलेमही त्यांच्या आधीपासूनचे. इ.स.पू. चौदाव्या शतकात तिथला राजा इजिप्तच्या फॅरोला पत्रे लिहीत होता.

एकच देव, पण कधीपासून?

ज्यू धर्म म्हणजे एकेश्वरवाद, हे आपण शाळेत शिकलो. पण ही श्रद्धा एका दिवसात उतरलेली नाही. सिनाई वाळवंटात सापडलेल्या, इ.स.पू. ८०० च्या आसपासच्या लेखांत ‘याहवे आणि त्याची अशेरा’ यांच्या नावाने आशीर्वाद दिलेले आहेत. अशेरा म्हणजे कनानी देवी, किंवा काहींच्या मते तिचे प्रतीक असलेला खांब. काहीही धरले तरी बायबलचे संदेष्टे लोकांना इतर देवांवरून इतके झापत का होते, याचा उलगडा होतो. लोक खरोखरच पुजत होते.

इ.स.पू. ७२२ च्या सुमारास असिरियाने उत्तरेचे इस्रायल राज्य संपवले. यहुदा उरले. हिज्कीयाने आणि नंतर योशीयाने गावोगावची पूजास्थाने बंद करून जेरुसलेमचे मंदिर हेच एकमेव केंद्र ठरवले. आणि मग इ.स.पू. ५८६ मध्ये बाबिलोनच्या नेबुखद्नेझरने नेमके तेच मंदिर जाळले, राजघराणे आणि प्रतिष्ठितांना धरून नेले.

त्या काळच्या समजुतीप्रमाणे मंदिर पडले म्हणजे देव हरला. तिथेच गोष्ट संपायला हवी होती. आसपासच्या अनेक लोकांची संपलीच. मवाबचा देव कमोश याला आज कोण पुजतो? यहुदी मात्र उलट्या निष्कर्षाला आले : देव हरला नाही, आपण करार मोडला म्हणून त्याने शिक्षा दिली, आणि बाबिलोनही त्याच्याच हातातले हत्यार. देव एका डोंगरावरून, एका देशातून मोकळा झाला तो इथे. ज्यू धर्माच्या इतिहासातले सर्वांत मोठे वळण हेच, असे मला वाटते.

बाबिलोनमधले जीवन मात्र आपण समजतो तसे साखळदंडातले नव्हते. ‘अल-याहुदु’, म्हणजे यहुदानगर, नावाच्या तिथल्या वस्तीचे मातीच्या पाट्यांवरचे कागदपत्र मिळाले आहेत. त्यात हे लोक शेती करताना, कर भरताना, करारमदार करताना दिसतात. इ.स.पू. ५३९ मध्ये इराणच्या सायरसने बाबिलोन जिंकले आणि परतीची वाट मोकळी झाली, पण अनेक जण परतलेच नाहीत. दुसरे मंदिर उभे राहिले, आणि तरी ज्यू जगभर राहिले. इजिप्तमध्ये नाईल नदीतल्या एलिफंटाइन बेटावर तर त्यांचे वेगळे मंदिर होते. इ.स.पू. ४१० मध्ये ते उद्ध्वस्त झाले तेव्हा ते पुन्हा बांधण्यासाठी त्यांनी यहुदाच्या सुभेदाराला लिहिलेले पत्र आजही उपलब्ध आहे. मंदिर एकच, हा नियम त्यांच्यापर्यंत बहुधा पोहोचलाच नव्हता.

इ.स. ७० मध्ये रोमनांनी दुसरे मंदिरही पाडले. मंदिरातली सात फांद्यांची समई सैनिक मिरवत नेत आहेत, असे शिल्प रोममध्ये टायटसच्या कमानीवर आहे. पण आता तयारी होती. यज्ञाच्या जागी प्रार्थना आणि पुरोहिताच्या जागी रब्बी आला, आणि धर्म ग्रंथाच्या अभ्यासावर टिकला.

दोन्हीकडची अर्धसत्ये

सध्याच्या वादात दोन दावे सारखे कानावर येतात. पहिला, जेरुसलेममध्ये ज्यूंचे मंदिर कधी नव्हतेच. पॅलेस्टिनी आणि अरब राजकारणात अनेकांनी हे म्हटले आहे. ते टिकत नाही. मंदिराच्या आतल्या आवारात परक्यांनी येऊ नये, आल्यास मृत्यू, असे बजावणारी ग्रीक भाषेतली शिळा १८७१ मध्ये जेरुसलेममध्येच सापडली. आणि ती ठेवली आहे कुठे? त्याच इस्तंबूलच्या संग्रहालयात.

दुसरा दावा असा, की ‘पॅलेस्टाईन’ हे नाव रोमनांनी ज्यूंना खिजवण्यासाठी शोधून काढले, म्हणून पॅलेस्टिनी हे लोकच बनावट. हॅड्रियनने इ.स. १३५ च्या बंडानंतर यहुदिया प्रांताचे नाव ‘सीरिया पॅलेस्टिना’ केले, हे खरे. पण नाव त्याने शोधले नाही. ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने ते सुमारे साडेपाचशे वर्षे आधी वापरले आहे. शिवाय नाव कोणी ठेवले यावरून तिथे पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या माणसांचे अस्तित्व कसे ठरणार?

प्राचीन पुरावा मागण्याचे हे शस्त्र ज्यूंवरही उलटते, आणि त्याचा अनुभव मराठी बोलणाऱ्यांनी घेतला आहे. कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे आपले ‘शनिवार तेली’. शनिवारी घाणा बंद ठेवणारे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आपले पूर्वज आले, अशी त्यांची परंपरा. कागदोपत्री पुरावा नाही. हे लोक इस्रायलला गेले तेव्हा तिथल्या प्रमुख रब्बींनी १९६० च्या दशकात इतर ज्यूंशी त्यांचे विवाह लावण्याआधी वंशाची चौकशी करावी असा फतवा काढला. १९६४ मध्ये जेरुसलेमात निदर्शने झाली, त्यानंतर सरकारने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचे जाहीर केले. शेकडो वर्षे शब्बाथ पाळणे पुरेसे नव्हते. वंशावळ दाखवा, असे त्यांना सांगण्यात आले होते.

जमिनीखाली आणि जमिनीवर

नेतान्याहू ज्या कार्यक्रमात बोलले, तो ‘यात्रेकरूंच्या मार्गा’चा होता. सिलोअमच्या तळ्याकडून मंदिराकडे जाणारा हा पायऱ्यांचा फरसबंद रस्ता पहिल्या शतकातला, रोमन सुभेदार पिलाताच्या काळात बांधलेला. शोध खराच महत्त्वाचा आहे. पण तो उघडा करताना वरून नव्हे, तर जमिनीखालून आडवा बोगदा खणत गेले. आणि पुरातत्त्वात थर वरून खाली मोजतात, म्हणून या पद्धतीवर इस्रायलमधल्या अभ्यासकांनीही टीका केली आहे. वरून खणता येत नव्हते, कारण वर सिल्वान आहे. १९६७ च्या युद्धात इस्रायलने घेतलेल्या पूर्व जेरुसलेममधली दाट पॅलेस्टिनी वस्ती. जगातले बहुतेक देश हा भाग व्याप्त मानतात. ‘दावीदाचे नगर’ हे पर्यटनस्थळ चालवणारी एलाद ही संस्था याच वस्तीत ज्यू कुटुंबे वसवण्याचेही काम करते.

खोदकामामुळे घरांना तडे गेल्याची रहिवाशांची तक्रार आहे. उतारावरच्या अल-बुस्तान भागात बायबलमधल्या राजांची बाग होती, असे सांगून तिथे उद्यान करण्याची महापालिकेची योजना आहे आणि विनापरवाना म्हणून घरे पाडली जात आहेत. परवाना मिळणे तिथल्या पॅलेस्टिनींना जवळपास अशक्य असते. इस्तंबूलमधला शिलालेख परत आला तरी या घरांच्या नोटिसांवर त्याचा काही परिणाम होणार नाही. आणि तो परत येण्याचीही चिन्हे सध्या नाहीत.