शेवटच्या शेताचें पाणी

सन 1885 पासून नीरा डावा कालवा बारामतीवरून इंदापूर तालुक्यांत पाणी नेत आला आहे. त्याच्या कांठच्या माणसास एक गोष्ट शिकवावी लागत नाहीं. वर कालवा फुटो, धरणांत पाणी कमी असो कीं पाळी लांबो. कारण कोठेंही घडलें तरी ऊंस वाळतो तो शेवटच्या चारीवरचा. म्हणूनच शेवटच्या शेतास आधीं पाणी देऊन मग वर यावें, असा नियम जाणत्यांनीं सांगितला. तो पाळला किती जातो, हें इंदापूरच्या पालकांसच विचारावें!

आमचे कित्येक विद्यार्थी पुढें पुण्यास जाऊन सॉफ्टवेअर, म्हणजे संगणकाची आज्ञावली, रचण्याच्या उद्योगांत शिरतील. तेथें त्यांस हाच कालवा पुन्हां भेटेल. आधीं मागणी समजून घ्यावयाची, मग आराखडा, मग लेखन, आणि शेवटीं चांचणी. मध्येंच कोणी आजारी पडतो, गिऱ्हाईक मागणी बदलतें, किंवा मार्च 2020 मधील टाळेबंदीप्रमाणें सारें कार्यालय एका रात्रींत घरीं बसतें. काम सोंपविण्याची तारीख मात्र हलत नाहीं. मग कापली जाते ती चांचणी. (संमेलनाच्या नाटकांत पडदे रंगवितां रंगवितां तालमीस दोनच दिवस उरतात, तसेंच हें.) चांचणींतून एक चूक निसटली तर काय होतें, तें 19 जुलै 2024 रोजीं जगानें पाहिलें: क्राउडस्ट्राइक कंपनीच्या एका सदोष सुधारणेमुळें सुमारें 85 लक्ष संगणक बंद पडले, आणि आपल्या देशांतील विमानतळांवरही प्रवाशांस हातानें लिहिलेले पास द्यावे लागले.

यावर एक उपाय विद्वानांनीं दाखविला आहे. तारेक अब्देल-हमीद व स्टुअर्ट मॅडनिक यांनीं 1991 सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत अशा कामाची प्रतिकृति संगणकावर उभारली. माणसें, चुका आणि घाई यांचा एकमेकांवर होणारा परिणाम तींत मांडला. उशीर झालेल्या कामावर नवीं माणसें घातलीं तर तें आणखी लांबतें, असें फ्रेड ब्रूक्स यांनीं 1975 मध्यें लिहिलें होतें. या प्रतिकृतींत दिसलें कीं, खर्च वाढतोच. काम मात्र प्रत्येक वेळीं लांबतेंच असें नाहीं.

कोणी म्हणेल, जें अनपेक्षित त्याची प्रतिकृति कशी करावी? आमचें उत्तर असें कीं, कालवा कोठें फुटेल हें कोणासच ठाऊक नसतें. वाळणारें शेत कोणतें, हें मात्र सर्वांस ठाऊक असतें. प्रतिकृतींत दोन माणसें कमी करून पाहावींत, मागणी बदलून पाहावी, आणि दर वेळीं एवढेंच मोजावें कीं चांचणीस किती दिवस पोंचले. राखीव दिवस तिच्याच नांवें ठेवावेत, आणि वरच्या कोणासही ते उचलूं देऊं नयेत.