करवंटीची निवड

नमनालाच घडाभर तेल, ही म्हण मी लहानपणापासून ऐकत आलो. पण त्या तेलाचा हिशेब कळला तो यंदा, साठी उलटल्यावर, संगणकापुढे बसून!

झाले असे. वडील नोकरीनिमित्त नागपुरास असत. तेथून त्यांनी साताऱ्यास धाडलेली २१२ पत्रे मी संगणकात उतरवून घेतली. यंत्राने प्रत्येकाला नुसता अनुक्रमांक दिला. मला हवी होती पत्राची तारीख. पुतण्या म्हणाला, "काका, हाताने नावे कसली बदलता? शेल शिका. चार ओळींचे काम!"

नारळात जसा गर आणि करवंटी, तसा संगणकाच्या कारभाराला एक गाभा असतो आणि त्याभोवतीचे कवच म्हणजे शेल. चित्रांवर टिचक्या न मारता आपण हुकूम टंकायचा. शेलने तो वाचून गाभ्याकडून करवून घ्यायचा. हेच हुकूम एका फाइलीत ओळीने लिहून ठेवले, की झाली स्क्रिप्ट.

पण करवंटी तरी एक असावी की नाही? स्टीफन बोर्न यांचा शेल १९७९ मध्ये युनिक्सच्या सातव्या आवृत्तीबरोबर आला. १९८९ मध्ये ब्रायन फॉक्स यांचा बॅश आला. बोर्नचा हा पुनर्जन्म, अशी कोटी त्याच्या नावातच आहे. १९९० मध्ये झेडशेल आला. २०१९ मध्ये ॲपलने मॅकवर बॅशच्या जागी त्याला बसवले. २००५ चा फिश टंकता टंकता पुढचे शब्द सुचवतो, मात्र त्याचे व्याकरण निराळे. या चिकित्सेत माझे पंधरा दिवस गेले. अखेर बॅश घेतला. का? तो संगणकात आधीपासूनच होता!

मग स्क्रिप्ट लिहिली. यादीतला क्रमांक वाच, त्या पत्राला तारखेचे नाव दे, पुढच्या ओळीवर जा. डोळ्याचे पाते लवते न लवते तोच काम फत्ते! मोजून पाहतो, तो पत्रे २०५.

उरलेली सात गेली कुठे? वडील कधी कधी एकाच दिवशी दोन पत्रे लिहीत. एक आईला, एक आजोबांना. दोहोंना एकच तारीख, म्हणून एकच नाव. नाव बदलणारा 'एमव्ही' हा हुकूम त्या नावाची फाइल आधीच असली, तर अवाक्षर न काढता तिच्या जागी दुसरी ठेवतो. यादीत आईचे पत्र आधी, आजोबांचे मागून. त्या घरच्या रीतीप्रमाणे सासऱ्यांपुढे सून दिसेनाशी झाली!

पुतण्या म्हणाला, "काका, हुकमाआधी 'एको' लिहायचे. मग शेल काम करत नाही, काय करणार ते नुसते छापून दाखवतो. आणि एमव्हीला 'वजा एन' सांगितले, की तो आधीच्या फाइलीला हात लावत नाही." पंधरा दिवस मी करवंट्या वाजवून पाहत होतो, ही दोन वाक्ये कोणत्याही करवंटीत मावली असती.

सुदैवाने मूळ कागद अक्काकडे होते. तिने सातही पत्रांचे फोटो धाडले आणि विचारले, "नेमकी हीच का रे मागितलीस? ही आईने कधी कुणाला वाचू दिली नव्हती."

या खेपेस आधी एको केला. छापलेली प्रत्येक ओळ बोट ठेवून वाचली. तारखेपुढे एक शब्द वाढवला होता: आई.