क्लिक करण्याआधी चिन्ह बघा

परवा रात्री साडेदहाला मामेबहिणीचा फोन आला. "दादा, मला कोपऱ्यावर क्लिक करायचंय आणि हे ऑटोकॅड भलतीकडेच चिकटतंय!" ती डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. स्क्रीन शेअर करायला सांगितलं. एका प्लेटवर बोल्टची होल, त्यांतून जाणाऱ्या सेंटर लाइन, खाली पाइप, वर हॅच, बाजूला मापं. मुंगीलाही वाट नव्हती. आणि ऑब्जेक्ट स्नॅपच्या यादीत सगळ्या चौकटींवर टिक!

मला माझी पहिली नोकरी आठवली. बी.ई. मेकॅनिकल झाल्यावर, सॉफ्टवेअरमध्ये येण्याआधी, मी इथेच बडोद्यात एका छोट्या वर्कशॉपसाठी ड्रॉइंग काढत असे. माझ्याही यादीत सगळं टिक असायचं. जितके स्नॅप जास्त तितकं काम अचूक, अशी समजूत. एकदा सहा प्लेटची फाइल लेझर कटिंगला पाठवली. प्लेट आल्या, पण चारपैकी एका होलात बोल्ट जाईना. बोल्ट एम १२, होल १४ मिमीचं, आणि त्याचं सेंटर ३ मिमी सरकलेलं. दोन सेंटर लाइनचा छेद पकडला असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात 'निअरेस्ट' स्नॅपने रेषेवरचा शेजारचाच बिंदू उचलला होता. वर्कशॉपमधले काका ओरडले नाहीत. प्लेट टेबलावर ठेवून एवढंच म्हणाले, "भाई, हे बघून कापलंस की अंदाजाने?" ते वाक्य अजून विसरलो नाही.

चूक यंत्राची नव्हती. १९६३ साली एमआयटीमध्ये आयव्हन सदरलँड यांनी स्केचपॅड बनवलं, तेव्हाही लाइट पेन बिंदूच्या जवळ नेलं की प्रोग्रॅम नेमका बिंदू धरत असे. मशीन आपल्या हाताचा थरकाप सांभाळून घेतं. पण जवळजवळ पाच बिंदू असतील तर तुमच्या मनातला कोणता, हे त्याला कसं कळणार?

म्हणून बहिणीला सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. कायम चालू ठेवायचे स्नॅप तीन-चारच: एंडपॉइंट, मिडपॉइंट, सेंटर, इंटरसेक्शन. निअरेस्ट बंद. गर्दीत एखादाच हवा असेल तर बिंदू विचारला जात असताना शिफ्ट धरून राइट क्लिक करा आणि यादीतून तेवढाच निवडा. तो त्या एका क्लिकपुरताच लागू होतो. कर्सर गर्दीवर ठेवून टॅब दाबत राहिलात तर आवाक्यातले बिंदू एकेक करून पुढे येतात. तरीही जमेना, तर लेआयसो कमांडने हवी ती लेयर ठेवून बाकीच्या बाजूला करा, काम झालं की लेयुनिसोने परत आणा. आणि झूम करायचा आळस नको.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे क्लिक करण्याआधी चिन्ह बघा. चौकोन म्हणजे टोक, त्रिकोण म्हणजे मध्य, वर्तुळ म्हणजे केंद्र, फुली म्हणजे छेद. वाळूच्या घड्याळासारखं चिन्ह दिसलं तर थांबा, तो निअरेस्ट. फाइल बाहेर पाठवण्याआधी दोन-चार मापं नव्याने टाकून पाहा. मी त्या दिवशी एक माप टाकलं असतं, तर १२० च्या जागी ११७ लगेच दिसलं असतं.

बहिणीने टिक काढल्या, टॅब दाबला, हिरवा चौकोन कोपऱ्यावर आला. "बसला!" ती ओरडली. मी म्हटलं, "आता माप टाक." पलीकडे जरा शांतता. मग हळूच आवाज आला, "दादा, आधीचे दोन कोपरे चुकलेत."

रात्री साडेअकराला स्क्रीनवर चुकलेत, हे उत्तम. माझे सहा प्लेटवर चुकले होते.