शब्दांचा जमाखर्च

आमचे तळेगाव ढमढेरे हे वेळ नदीकाठचे जुने बाजाराचे गाव. लहानपणी वडिलांचे बोट धरून मी बाजारपेठेतील एका किराणा दुकानात जात असे. दिवेलागणीस गिऱ्हाइकांची गर्दी ओसरली की तेथील वृद्ध दुकानदार लाल कापडाची चोपडी उघडून त्या दिवसाची कीर्द लिहावयास बसत. एका बाजूस जमा, दुसऱ्या बाजूस नावे. एके दिवशी मी त्यांना विचारले, "आजोबा, शेवटी किती उरले एवढेच लिहिले तर चालणार नाही का?" ते हसून म्हणाले, "बाळ, किती उरले एवढे कळून भागत नाही. आले किती आणि गेले किती, हे वेगवेगळे लिहावे लागते. नुसती शिल्लक पाहणाऱ्याला गळती कोठे आहे हे कधीच उमगत नाही."

त्या वेळी या बोलण्याचा अर्थ मला नीटसा कळला नाही. तो कळला तेव्हा मी शाळेचा मुख्याध्यापक होतो, आणि तेव्हा थोडा उशीरच झाला होता.

2020 साली करोनाच्या साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि वर्ग मोबाईलवर भरू लागले. ते माझ्या नोकरीचे अखेरचे वर्ष. सातवीत एक मुलगा होता. त्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. मुलगा मोठा गुणी. परंतु बोलताना तो थोडा अडखळत असे. शिक्षकांच्या आग्रहावरून त्याने एक कविता म्हटली आणि तिची चित्रफीत वर्गाच्या गटावर पाठविली. शिक्षकांनी त्याला शाबासकी दिली. तीसएक मुलांनी अंगठा उंचावल्याचे चिन्ह पाठवून त्याचे कौतुक केले. मलाही समाधान वाटले.

पण त्याच दिवशी कोणी तरी त्या चित्रफितीतील तो अडखळला होता तेवढाच भाग काढून घेतला, तो पुन्हापुन्हा जोडला, त्यावर शेळीचे बेंबटणे चढविले आणि ती नवी फीत मुलांच्या दुसऱ्या एका गटावर सोडली. त्या गटात वडीलधारे कोणीच नव्हते. पाहता पाहता ती फीत या घरून त्या घरी गेली.

तिसऱ्या दिवसापासून मुलाचे पोट दुखू लागले. रात्री झोप येईना. सकाळी वर्गाची वेळ झाली की त्याला मळमळे. आई त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. पण तपासणीत काहीच दोष सापडला नाही. अखेर ती माउली माझ्याकडे आली. मी हजेरीपट काढून पाहिला. तो रोज हजर होता! मोबाईल रोज वेळेवर सुरू होत होता, वेळेवर बंद होत होता. वर्गाच्या गटावर तीस अंगठे तसेच दिसत होते. माझ्या वहीतील शिल्लक अगदी बरोबर होती. गळती कोठे आहे, हे मात्र तिच्यात कोठेच लिहिलेले नव्हते.

पुढे सारा प्रकार उघडकीस आला. फीत करणाऱ्या मुलांना बोलावून घेतले. ती म्हणाली, "सर, आम्ही गंमत केली." ती खोटे बोलत नव्हती. त्यांना ती खरोखरच गंमत वाटली होती. त्यांनी क्षमा मागितली. परंतु त्या मुलाला खरा धीर आला तो निराळ्याच गोष्टीने. वर्गातील एका मुलीने केवळ त्याच्यासाठी एक संदेश पाठविला होता: "तुझी कविता मी आजीला ऐकवली. तिला फार आवडली. दुसरी पाठवशील का?" दुसरी कविता त्याने काही पाठविली नाही, पण दोन दिवसांनी तो पोटभर जेवू लागला.

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात घोळत आहे. तीस अंगठ्यांनी जे साधले नाही ते एका संदेशाने कसे साधले? आणि तीस अंगठे एका पारड्यात असतानाही दुसऱ्या पारड्यातील एकच फीत इतकी जड कशी झाली? माझे उत्तर असे की, मन म्हणजे तराजू नव्हे. इकडचे वजन तिकडे टाकून समतोल साधता येत नाही. मन म्हणजे कीर्द होय. मायेचा शब्द जमेच्या बाजूस लिहिला जातो, कुचेष्टेचा शब्द नावे पडतो, आणि दोन्ही नोंदी तेथे तशाच राहतात. म्हणून मोबाईलवरील आपल्या व्यवहारांचा विचार करावयाचा तर दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजल्या पाहिजेत.

येथे कोणी विचारील, "ताप मोजता येतो, उंची मोजता येते; मायेचा शब्द आणि कुचेष्टेचा शब्द कसा मोजणार?" शंका रास्त आहे. मनाला लावावयाचा तापमापक अद्याप निघालेला नाही. परंतु शास्त्रज्ञांनी एक साधी युक्ती शोधली आहे. ते अनेक माणसांना तेच प्रश्न विचारतात. अडचणीत असताना मोबाईलवरून तुम्हांला कोणी धीर देते का? तेथे तुमची कोणी टर उडविते का? उत्तर 'कधीच नाही', 'क्वचित', 'पुष्कळदा', 'नेहमी' यांपैकी एक द्यावयाचे. प्रत्येक उत्तराला अंक असतो. त्या अंकांची बेरीज करून ती माणसाची झोप, चिंता, एकाकीपणा यांच्याशी ताडून पाहतात. 2019 साली अमेरिकेतील यूटा विद्यापीठातील संशोधकांनी ऑनलाइन सामाजिक अनुभव मोजण्यासाठी अशी एक प्रश्नावली प्रसिद्ध केली. आधार देणारे अनुभव आणि दुखावणारे अनुभव यांची मोजणी तिने निरनिराळी ठेवली आहे. आमच्या दुकानदार आजोबांना हे ऐकून नवल वाटले नसते.

अशी मोजणी केवळ दूरदेशीच होते असे मात्र नाही. आमच्याच शिरूर तालुक्यात वढू बुद्रुक येथे पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राचे काम चालते. 2002 सालापासून परिसरातील 22 गावांतील जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांची पद्धतशीर नोंद तेथे होऊ लागली. 2007 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या एका अभ्यासासाठी या गावांतील पन्नाशी ओलांडलेल्या पाच हजारांहून अधिक स्त्रीपुरुषांना त्यांच्या प्रकृतीविषयी प्रश्न विचारण्यात आले. त्यांत चालण्याफिरण्याचे, दुखण्याखुपण्याचे प्रश्न होते. तसाच, आपल्या माणसांशी असलेल्या नात्यांबाबत तुम्ही कितपत समाधानी आहात, असाही एक प्रश्न होता. प्रकृतीची चौकशी करताना नात्यांची चौकशी का करावी? कारण दोहोंचा संबंध निकटचा आहे.

तो किती निकटचा आहे, हे एका प्रयोगावरून ध्यानात येईल. 1997 साली शेल्डन कोहेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी 276 निरोगी माणसांच्या, अर्थात त्यांच्या संमतीने, नाकात सर्दीच्या विषाणूंचे थेंब सोडले. थेंब सर्वांना मिळाले. सर्दी मात्र सर्वांना झाली नाही. घरचे, शेजारी, मित्र, सहकारी अशी नाना प्रकारची नाती जपणाऱ्या माणसांना ती कमी प्रमाणात झाली. ज्यांची नाती तीन किंवा त्याहून कमी प्रकारची होती, त्यांना सर्दी होण्याचा धोका सहा किंवा अधिक प्रकारची नाती असणाऱ्यांच्या चौपट आढळला. पुढे 2010 साली अशा प्रकारच्या 148 अभ्यासांचा एकत्र विचार करण्यात आला. त्यांत तीन लाखांहून अधिक माणसांची माहिती होती. ज्यांचे इतरांशी संबंध बळकट होते, त्यांची जगण्याची शक्यता सुमारे दीडपट असल्याचे त्यातून दिसून आले.

या माणसांची नाती प्रामुख्याने समोरासमोरची होती, हे विसरून चालणार नाही. मोबाईलवरील नाते तितकेच हितकर असते असे यावरून सिद्ध होत नाही. तसेच दुखावणारे संदेश आणि खिन्नता एकत्र आढळली, म्हणजे एकामुळेच दुसरे झाले असेही नेहमी म्हणता येत नाही. आधीच खिन्न असलेले मूल मोबाईलकडे अधिक वळत असेल आणि तेथे अधिक दुखावले जात असेल. बीज आधी की झाड आधी, असा हा पेच आहे. परंतु एक गोष्ट निश्चित आहे. अपमानाच्या भयाने छाती धडधडते, स्नायू ताठतात, झोप उडते. शत्रू समोर उभा आहे की पडद्यावर, हा भेद शरीर फारसा करीत नाही. त्या मुलाची पोटदुखी डॉक्टरांच्या तपासणीत दिसली नाही. म्हणून ती खोटी नव्हती.

यावर पुष्कळ वडीलधारी मंडळी म्हणतात, "मोबाईल काढून घ्यावा, म्हणजे प्रश्न मिटला." त्यांची कळकळ मला समजते. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने 2022 साली एक स्तुत्य पायंडा पाडला. रोज सायंकाळी सात वाजता भोंगा वाजे आणि दीड तास घरोघरचे दूरदर्शन संच व मोबाईल बंद राहत. मुले अभ्यासाला बसत. आपल्या वयाच्या मुलांना रात्री नऊ तासांच्या आसपास झोप हवी. ती मोबाईलने खाऊ नये, हे खरेच. बहुतेक समाजमाध्यमांच्या नियमांप्रमाणे तेरा वर्षांखालील मुलांना तेथे प्रवेशही नाही, आणि तो नियम पाळावा असेच मी म्हणेन.

तथापि मोबाईल किती तास वापरला, एवढेच मोजणे म्हणजे पुन्हा नुसती शिल्लक पाहणे होय. आमच्या परिसरात रांजणगाव, सणसवाडी येथील कारखान्यांत काम करण्यासाठी दूरदूरच्या जिल्ह्यांतून कुटुंबे आली आहेत. त्यांतील मुले गावाकडच्या आजीचा चेहरा मोबाईलवरच पाहतात. ऊसतोडणीला गेलेल्या आईबापांचा आवाज मागे राहिलेल्या लेकरांना त्यातूनच ऐकू येतो. ही अर्धी घटका आणि कोणाची टर उडविण्यात गेलेली अर्धी घटका घड्याळात सारखीच भरते. मनाच्या कीर्दीत मात्र एक जमेस पडते आणि दुसरी नावे. दोन्ही एकदम बंद करणारा मनुष्य गळती थांबवितो खरा, पण आवकही थांबवितो.

मुलांनो, या हिशेबाची आणखी एक बाजू आहे, आणि तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्या वहीत काय आले हे आपण पाहतो. दुसऱ्याच्या वहीत आपण काय लिहिले, हे पाहत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या युरोप विभागाने 2024 साली एक अहवाल प्रसिद्ध केला. युरोप, मध्य आशिया आणि कॅनडा येथील 44 देशांतील व प्रदेशांतील 11, 13 आणि 15 वर्षांच्या सुमारे दोन लाख एकोणऐंशी हजार मुलांना त्यात प्रश्न विचारले होते. आपणांस ऑनलाइन छळ सोसावा लागला, असे सहांपैकी एका मुलाने सांगितले. आणि आपण स्वतः दुसऱ्याला असा त्रास दिला, असे आठांपैकी एकाने कबूल केले. म्हणजे त्रास देणारे कोणी दूरचे राक्षस नसतात. ती आपल्याच बाकावर बसणारी, एरवी चांगली असणारी मुले असतात. "आम्ही गंमत केली," असे म्हणणारी.

आपल्या देशातही हा प्रश्न दारात उभा आहे. ग्रामीण भारतातील मुलांच्या 'असर' या 2024 सालच्या पाहणीत 14 ते 16 वर्षांच्या मुलांपैकी 82 टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन चालविता येत होता. परंतु त्यांतील समाजमाध्यमे वापरणाऱ्या मुलांपैकी, त्रास देणाऱ्याची वाट कशी अडवावी किंवा त्याची तक्रार कशी करावी, हे केवळ 62 टक्क्यांना ठाऊक होते. गाडी हाकावयास शिकलो. ती थांबवावयास अनेकांना अजून शिकावयाचे आहे.

म्हणून माझी एक सूचना आहे. रोज रात्री झोपण्यापूर्वी आपल्या मनाशी चार प्रश्न विचारावेत. आज मोबाईलवर मला कोणी धीर दिला? कोणी दुखावले? मी कोणाला धीर दिला? मी कोणाला दुखावले? चारही उत्तरे वेगवेगळी लिहावीत. त्यांची वजाबाकी करू नये. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुन्हापुन्हा तेच येऊ लागले, तर ती वही आईवडिलांना किंवा शिक्षकांना दाखवावी. यात भित्रेपणा मुळीच नाही. घरी सांगणे जड जात असेल, तर मुलांसाठी 1098 आणि मनाच्या आरोग्यासाठी 14416 या क्रमांकांवर विनामूल्य बोलता येते. आणि चौथ्या प्रश्नाला उत्तर आले, तर सकाळची वाट न पाहता क्षमा मागावी.

ते दुकानदार आजोबा आज हयात नाहीत. हल्ली दुकानांतील हिशेब यंत्रावर होतात, आणि त्यात वाईट काही नाही. पण संध्याकाळी बाजारपेठेतून जाताना मला ती लाल चोपडी आठवते आणि त्या मुलीचा संदेशही आठवतो. जेमतेम तीन वाक्यांचा तो संदेश. तो लिहावयास तिला अर्धे मिनिटही लागले नसेल, आणि आपण कोणाच्या नावावर केवढी रक्कम जमा केली, हे तिला अद्याप ठाऊक नसेल.