एकाच विद्यापीठाचे दोन रकाने

देशातील विद्यापीठांची राष्ट्रीय क्रमवारी जाहीर झाली, की तिचे नगारे वृत्तपत्रांतील जाहिरातींतून वाजू लागतात. कोण कितवे आले, कोण किती पायऱ्या चढले वा घसरले, याची चर्चा चार दिवस रंगते आणि मुलांच्या प्रवेशाच्या विवंचनेत असलेले पालक ती कात्रणे जपून ठेवतात. विद्यापीठाच्या दारातून समाजातील कोणकोण आत येते, यालाही या क्रमवारीत शंभरांपैकी दहा गुणांचे वजन आहे, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानात येते. ते दहा गुण कसे दिले जातात, हे पाहण्याची तसदी तर क्वचितच कोणी घेत असेल. ती घेतल्यावर जे दिसते, ते वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

अलीकडच्या वर्षांत वापरात असलेल्या सूत्रानुसार विद्यार्थ्यांत निम्म्या मुली असल्या, की त्या बाबतीतले गुण पूर्ण मिळतात. शिक्षकांत मात्र वीस टक्के स्त्रिया असल्या, तरी पुरे! ज्या देशातील महाविद्यालयीन व विद्यापीठीय शिक्षकांत स्त्रियांचे प्रमाण ४३ टक्क्यांवर गेले आहे, तेथे पूर्ण गुणांची रेघ २० वर आखण्यात कोणते शहाणपण आहे, हे सूत्रकारांनाच ठाऊक. अपंग विद्यार्थ्यांच्या बाबतीत तर विद्यार्थी मोजलेच जात नाहीत. उतरते मार्ग, उद्वाहने आणि स्वच्छतागृहे मोजली जातात. याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती आणि इतर मागासवर्ग या तिघांची बेरीज एकाच रकान्यात करण्यात येते. एखाद्या विद्यापीठात आदिवासी विद्यार्थी औषधालाही नसला, तरी तो रकाना भरलेलाच दिसेल. आणि शिक्षकांच्या यादीत नाव, वय, हुद्दा, पदवी, अनुभव असे सर्व काही असते. सामाजिक प्रवर्ग तेवढा नसतो. विद्यार्थ्यांचा रकाना अस्पष्ट आणि शिक्षकांचा रकाना नाहीच, अशा कागदावरून दोन विद्यापीठांची तुलना कशी करावी?

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाची उच्च शिक्षणाची अखिल भारतीय पाहणी या मानाने पुष्कळ बरी. २०२१-२२ च्या पाहणीप्रमाणे उच्च शिक्षण घेणाऱ्या ४ कोटी ३३ लक्ष विद्यार्थ्यांत अनुसूचित जातींचे १५.३ टक्के, अनुसूचित जमातींचे ६.३ टक्के आणि इतर मागासवर्गीयांचे ३७.८ टक्के होते. त्याच काळात शिक्षकांत अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे ९ टक्के आणि जमातींचे अडीच टक्क्यांच्या आसपास होते. वर्गातील प्रमाण आणि फळ्यासमोरील प्रमाण यांतील ही तफावत डोळ्यांत भरण्याजोगी आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो, आणि तो अगदीच पोकळ नाही. विद्यार्थी तीन-चार वर्षांत बदलतात. शिक्षक तीस-पस्तीस वर्षे त्याच जागी असतो. आजचा विद्यार्थी आजच्या धोरणाचे फळ आहे, तर आजचा ज्येष्ठ प्राध्यापक १९९० च्या सुमारास झालेल्या निवडीचे. तेव्हा दोन रकाने शेजारी मांडून ओरड करणे अन्यायाचे होईल, असे सांगण्यात येते. हा मुद्दा आम्हांस मान्य आहे. परंतु त्यातून निष्पन्न काय होते? तुलना सोडून द्यावी हे नव्हे, तर ती अधिक नेटकी करावी हे. गेल्या दहा वर्षांत झालेल्या नेमणुका तेवढ्या वेगळ्या काढाव्यात, पीएच.डी. झालेल्यांच्या प्रमाणाशी त्या ताडून पाहाव्यात, आणि सहायक, सहयोगी व प्राध्यापक हे तीन हुद्दे निरनिराळे दाखवावेत. देशपातळीवर हुद्देवार तक्ते सापडतात. परंतु आपल्या शहरातील विशिष्ट विद्यापीठाचा असा हिशेब पाहू म्हटले, तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करून वाट पाहत बसावे लागते.

हा हिशेब किती नाजूक असतो, याचा धडा आपण अलीकडेच घेतला आहे. आरक्षित पदांचा क्रम ठरविणाऱ्या बिंदुनामावलीत, केंद्राच्या पद्धतीप्रमाणे, इतर मागासवर्गाचे पहिले पद चौथ्या बिंदूवर, अनुसूचित जातीचे सातव्यावर आणि जमातीचे चौदाव्यावर येते. संपूर्ण विद्यापीठ हा एक घटक धरला, तर ही पदे ओघानेच मिळतात. एप्रिल २०१७ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने प्रत्येक विभाग हा स्वतंत्र घटक धरावा असा निर्णय दिला, मार्च २०१८ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने तसा आदेश काढला, आणि सारे गणितच पालटले. एका विभागात एक प्राध्यापक, दोन सहयोगी आणि चार सहायक ही नेहमीची रचना. तेथे चौथा सहायक तेवढा इतर मागासवर्गातून येईल. सातवा बिंदू कोणत्याच हुद्द्यात उगवत नाही, मग चौदाव्याचे नाव कशाला? निवृत्तीनंतर पाळी फिरते हे खरे, पण ती फिरायला एक पिढी जाते. देशभर असंतोष उसळला, मार्च २०१९ मध्ये वटहुकूम निघाला आणि जुलैमध्ये कायदा होऊन विद्यापीठ हाच घटक पुनश्च ठरला. घटनेतील एक अक्षरही न बदलता, केवळ मोजण्याची चौकट बदलून केवढी उलथापालथ होऊ शकते, हे त्या वर्षभरात सर्वांनी पाहिले.

चौकटीचा हा प्रश्न महाराष्ट्राला विशेष लागू आहे. आपल्याकडे विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी ११ टक्के जागा स्वतंत्र आहेत. केंद्रीय पाहणीच्या तक्त्यात मात्र त्यांचा रकानाच नाही. मुंबई आणि दिल्ली यांचे आकडे शेजारी ठेवले, की हे समाज त्या तुलनेतून अलगद नाहीसे होतात. इकडे टाटा मूलभूत संशोधन संस्था आणि होमी भाभा राष्ट्रीय संस्था यांना शिक्षकांच्या आरक्षणाच्या त्या २०१९ च्या कायद्यातूनच सूट आहे. त्यांची तुलना सरकारी विद्यापीठाशी करताना ती सूट लक्षात ठेवावयास हवी. खाजगी विद्यापीठांची तर कथाच निराळी. घटनेच्या ९३ व्या दुरुस्तीने वाट मोकळी केली, २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरविली, तरी संसदेने त्यासाठी कायदा केला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेच्या शिक्षणविषयक समितीने तो करण्याची शिफारस केली, एवढेच.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये प्रवेशासाठी वंशाचा विचार करण्यास मनाई केली. तो निर्णय बरा की वाईट, हा वाद येथे नको. परंतु पुढच्याच वर्षी मॅसॅच्युसेट्स येथील एमआयटी या संस्थेने, नव्याने दाखल झालेल्यांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण सुमारे १३ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर उतरल्याचे स्वतःच जाहीर केले. प्रतिकूल आकडा संस्थेनेच चव्हाट्यावर मांडला, म्हणून त्यावर विचार होऊ शकला. आमच्या येथे मुलाखत होते, ‘योग्य उमेदवार मिळाला नाही’ असा शेरा पडतो, पद रिक्त राहते आणि अनुशेषात जमा होते. असे शेरे कोणत्या विद्यापीठात, कोणत्या विषयात आणि किती वेळा पडले, हे शेजारी शेजारी मांडलेले कोणी पाहिले आहे काय? नेट-सेट उत्तीर्ण होऊन तासिका तत्त्वावर या महाविद्यालयातून त्या महाविद्यालयात धावणाऱ्या तरुणांना मात्र त्या शेऱ्याचा अर्थ चांगला ठाऊक असतो.

प्रत्येक विद्यापीठाने आपली बिंदुनामावली, दहा वर्षांतील नेमणुका आणि हे शेरे दरवर्षी एकाच नमुन्यात प्रसिद्ध करावेत, ही मागणी फार मोठी नाही, नवीनही नाही. २६ जुलै १९०२ रोजी कोल्हापुरात शाहू महाराजांनी रिकाम्या होणाऱ्या निम्म्या जागा मागासलेल्या वर्गांना देण्याची आज्ञा काढली. त्याच आज्ञेत पुढे असेही फर्माविले होते, की प्रत्येक खात्याच्या प्रमुखाने यानंतर झालेल्या नेमणुकांचे पत्रक दर तीन महिन्यांनी सरकारात दाखल करावे.