प्रॉब्लेम सोडवा, पण आधी तो मांडा तरी!

विद्यापीठाच्या प्रत्येक पेपरवर सूचनांच्या शेवटी एक ओळ असते. 'अझ्यूम सुटेबल डेटा, इफ नेसेसरी.' चार वर्षं आपण ती वाचतो आणि पेपरात अडलो की तिच्याच जिवावर एखादा आकडा ठोकून मोकळे होतो. मित्रांनो, माझं म्हणणं असं की आपल्या अख्ख्या शिक्षणातली सगळ्यात कामाची गोष्ट या ओळीत आहे आणि नेमकी तीच आपल्याला कोणी शिकवत नाही. गृहीत धरायचं म्हणजे काय? आपण न कळत काय काय गृहीत धरून बसलोय ते शोधायचं कसं?

आपल्याकडे 'प्रॉब्लेम' म्हणजे चॅप्टरच्या शेवटी असतात ते. गिव्हन, टू फाइंड, फॉर्म्युला, उत्तर आणि उत्तराखाली दोन रेघा. असे शेकडो प्रॉब्लेम सोडवून आपण बाहेर पडतो. पण ज्यात 'गिव्हन' कोणी दिलेलंच नाही, दोन माणसं दोन उलट गोष्टी मागताहेत आणि दोघांचंही थोडंथोडं बरोबर आहे, असा प्रॉब्लेम समोर आला की आपण काय करतो? मध्य काढतो. तू थोडं सोड, मी थोडं सोडतो. किंवा ज्याचा आवाज मोठा त्याचं ऐकतो. (गॅदरिंगच्या मीटिंगा आठवा.)

हे शिकवता येतं का? येतं, आणि ते शिकवणाऱ्या शिक्षकांचं एक जाळं जगभर पसरलं. त्याचं नाव 'टीओसी फॉर एज्युकेशन'. टीओसी म्हणजे 'थिअरी ऑफ कन्स्ट्रेंट्स'. प्रॉडक्शनवाल्यांना हे नाव माहीत असेल. एलियाहू गोल्डरॅट हा मूळचा इस्रायलमधला पदार्थवैज्ञानिक. कारखान्याच्या व्यवस्थापनावर त्याने पाठ्यपुस्तक न लिहिता १९८४ साली चक्क कादंबरी लिहिली, 'द गोल'. तीन महिन्यांत सुधारणा दाखव नाहीतर कारखाना बंद, अशी मुदत मिळालेला मॅनेजर त्यात आहे. मुलांच्या रांगेत सगळ्यात हळू चालणारा हर्बी अख्ख्या रांगेचा वेग ठरवतो, हे तो एका पदभ्रमणात बघतो आणि त्यावरून त्याला आपल्या कारखान्यातला अडथळा कळतो. पुढे १९९४ च्या 'इट्स नॉट लक' या कादंबरीत गोल्डरॅटने विचार करण्याची साधनंच मांडली. फ्लोरिडातल्या कॅथी स्यूर्केन या शाळाशिक्षिकेने ही पद्धत वर्गात नेली आणि १९९५ मध्ये शिक्षकांसाठी ना-नफा तत्त्वावर ही संस्था उभी राहिली. पुढे इस्रायल, ब्रिटन, मेक्सिको, सर्बिया, फिलिपिन्स, सिंगापूर, मलेशिया, जपान, पोलंड अशा देशांतल्या शिक्षकांनी ती उचलली, काहींनी तर अगदी बालवाडीपर्यंत नेली. गोल्डरॅट २०११ साली गेला, पण साधनं शिक्षकांच्या हातात राहिली.

साधनं फक्त तीन. एक 'ढग', म्हणजे एकमेकांच्या आड येणाऱ्या दोन गोष्टींचा पेच मांडायचा. दुसरं 'फांदी', म्हणजे 'जर असं, तर तसं' करत कारणापासून परिणामापर्यंत जायचं. तिसऱ्यात एखादं मोठं उद्दिष्ट घेऊन त्याच्या आड येणारे अडथळे लिहायचे, प्रत्येक अडथळा ओलांडल्यावर हातात काय असेल ते समोर लिहायचं आणि मग क्रम लावायचा. आपले फायनल इयर प्रोजेक्ट ज्या पद्धतीने मार्चमध्ये जागे होतात ते बघता या तिसऱ्याची गरज कोणाला पटवून द्यायला नको. पण खरी गंमत ढगात आहे, म्हणून त्यावरच बोलतो.

ढगात पाच चौकोन. सिव्हिलवाल्यांचंच उदाहरण घेऊ. डावीकडे पहिल्या चौकोनात दोन्ही बाजूंना मान्य असलेलं उद्दिष्ट, 'कॉलम चांगला उभा राहिला पाहिजे.' त्यासाठी एक गरज, काँक्रीट सळयांच्या मधून सगळीकडे नीट पसरलं पाहिजे. म्हणून गवंडी म्हणतो, पाणी वाढवा. दुसरी गरज, काँक्रीटला ताकद आली पाहिजे. म्हणून साइट इंजिनिअर म्हणतो, पाणी कमी ठेवा. सिमेंटला स्वतःच्या वजनाच्या साधारण ०.४ पट पाणी पुरतं. जास्तीचं पाणी नंतर उडून जातं, मागे बारीक पोकळ्या ठेवतं आणि ताकद घटते. म्हणजे गवंडी आणि इंजिनिअर दोघंही बरोबर, आणि भांडण पक्कं! मध्य काढला तर काँक्रीट धड पसरतही नाही आणि धड ताकदीचंही होत नाही.

इथे ढगाची खरी पायरी येते. प्रत्येक बाणावर बोट ठेवून विचारायचं, 'हे कशावरून?' काँक्रीट पसरण्यासाठी पाणी वाढवावं लागतं, कारण... कारण काय? कारण पसरण्याचं काम फक्त पाणीच करू शकतं, असं आपण धरून चाललोय! हे गृहीतक उघडं पडलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो. पाण्याशिवाय दुसरं काही ते काम करेल का? १९६० च्या दशकात जपान आणि जर्मनीत सुपरप्लास्टिसायझर आले ते नेमकं हे काम करायला. सिमेंटचे कण एकमेकांना चिकटून गोळे होतात, ते सुटे करायचे, म्हणजे कमी पाण्यातही काँक्रीट वाहतं. ज्यांनी ते शोधले त्यांनी ढग काढला होता असं मी म्हणत नाही. पण आपल्याला 'अ‍ॅडमिक्स्चर्स'चा धडा अशा मांडणीने शिकवला असता तर 'टाइप्स ऑफ अ‍ॅडमिक्स्चर, सहा मार्क' एवढंच तो राहिला असता का? वस्तू कुठल्या पेचातून आली ते कळलं की तिची व्याख्या पाठ करावी लागत नाही.

आता हाच ढग जरा आपल्या जिव्हाळ्याच्या विषयावर लावू. जीटी! फर्स्ट इयरच्या बाळांना अजून माहीत नसेल तर सांगतो, ग्लास ट्रेसिंग. काच, खाली बल्ब, मित्राची पूर्ण झालेली शीट, त्यावर आपली कोरी शीट आणि रात्रभर भक्तिभावाने रेघा. यावर सरांचं भाषण ठरलेलं असतं, 'तुम्हा मुलांना शिकायचंच नाही.' आणि आपलं उत्तरही ठरलेलं असतं, 'सगळेच मारतात.' दोन्हीतून काही निघत नाही.

ढग काढा. उद्दिष्ट, चांगला इंजिनिअर होऊन बाहेर पडणं. त्यासाठी ड्रॉइंग डोक्यात बसलं पाहिजे, म्हणून शीट स्वतः काढायची. पण त्याचसाठी टर्मही ग्रँट झाली पाहिजे, म्हणून जीटी मारायची. आता विचारा, टर्म ग्रँट व्हायला जीटीच का लागते? कारण शीट्स महिनोन्‌महिने कोणी मागत नाही आणि शेवटच्या दोन आठवड्यांत सगळ्या एकदम मागतात. कारण तपासताना रेघ बघितली जाते, ती का काढली हे विचारलं जात नाही. आणि सगळ्यात मोठं कारण, सगळ्या वर्गाला एकच प्रॉब्लेम, एकाच मापाचा दिलेला असतो.

शेवटच्या कारणाकडे नीट बघा. मापात रोल नंबरचे शेवटचे दोन आकडे मिळवायला सांगितलं तर काच आणि बल्ब दोन्ही निकामी! मित्राला 'कसं काढलंस' हे विचारावंच लागेल, आणि ते विचारणं म्हणजेच अभ्यास.

पण थांबा. इथे फांदी कामाला येते. 'जर साठ मुलांची साठ मापं, तर तपासायला साठ उत्तरं. जर साठ उत्तरं, तर सर वैतागणार आणि पुढच्या वर्षी पुन्हा एकच माप.' सरांचाही एक ढग असतो हे आपण विसरतो. मुलांना यावं म्हणून एकेक शीट नीट बघायची, आणि सिलॅबस, फायली, कमिट्या सांभाळायच्या म्हणून भराभर सह्या करायच्या. त्यांना जीटी ओळखू येत नाही असं कोणी समजू नये. ते ओळखून सही करतात, कारण तेही पेचात असतात. तेव्हा उपायाला जोड द्यावी लागेल. मापांचा आणि उत्तरांचा तक्ता संगणकावर एकदा बनवून ठेवणं, किंवा प्रत्येक शीटला दोन मिनिटं तोंडी प्रश्न. हे काम आपल्यातलेच थर्ड इयरचे दोघं एका संध्याकाळी करून देतील. आता तर जर्नलची उत्तरंही मोबाइलवरचा एआय लिहून देतो. नुसती काच हटवून भागणार नाही, प्रश्नच बदलावे लागतील.

काही जण म्हणतील, यात नवीन काय, हा तर कॉमन सेन्स. असेल. पण न्यूटनचे नियमही पटल्यावर कॉमन सेन्सच वाटतात, तरी आपण फ्री बॉडी डायग्राम काढतोच ना? डोक्यातल्या डोक्यात फोर्सेस मांडले तर एखादा निसटतो, कागदावर निसटत नाही. ढग म्हणजे भांडणाची फ्री बॉडी डायग्राम समजा.

मला यात सगळ्यात महत्त्वाची वाटते ती भाषेची बाजू. या साधनांना लागणारे शब्द कोणते? जर, तर, कारण, म्हणून, त्यासाठी. आणि बरोबर-चूक ठरवण्याची रीत काय? मांडलेलं मोठ्याने वाचायचं. वाचताना अडखळलात तर तिथे तर्क कच्चा आहे. आता मराठी मीडियममधून आलेल्या मुलाचा विचार करा. तो इंग्रजीत वाचताना प्रत्येक वाक्याला अडखळतो. मग तर्क कच्चा आहे की इंग्रजी, हे त्याला कळणार कसं? सहा महिने गप्प बसून तो ठरवून टाकतो की आपल्याला इंजिनिअरिंग झेपत नाही. आपल्या वर्गांतल्या मागच्या बाकांवर हे घडतं आणि त्याची नोंद फक्त केटीच्या यादीत होते. एआयसीटीईने २०२१ मध्ये मराठीतून इंजिनिअरिंगला परवानगी दिली ते चांगलंच झालं. पण 'बीम'ला मराठीत काय म्हणायचं यावर वाद घालण्याआधी 'कारण' आणि 'म्हणून' मराठीत सुरू करायला कोणाच्या परवानगीची गरज नव्हती आणि नाही. बीमला बीमच म्हणा, पण तो का वाकतो ते आपल्या भाषेत सांगा.

या साधनांना मर्यादा आहेत. गोल्डरॅट धरून चालतो की दोन्ही बाजूंचं वरचं उद्दिष्ट एकच असतं. नेहमी नसतं. रूम सोडताना डिपॉझिट बुडवणाऱ्या मालकाचं आणि आपलं समान उद्दिष्ट कोणतं? तिथे ढग काढत बसू नये, सरळ तक्रार करावी. शिवाय विषयाची माहिती नसेल तर गृहीतक दिसतही नाही. ज्याला सिमेंट कळत नाही तो 'पाणीच का' हे विचारणार नाही. म्हणजे पुस्तक वाचावं लागतंच, सुटका नाही.

आणि एक भीती. उद्या कोणीतरी हे उचलेल आणि त्याचा शंभर मार्कांचा पेपर करेल. 'ढगाची सुबक आकृती काढून भागांना नावे द्या, पाच गुण.' मग त्याचीही गाइडं निघतील आणि त्या आकृतीचीही जीटी मारली जाईल. नाहीतर कोणी सूट-टायवाला सेमिनार हॉलमध्ये दोन दिवसांत सर्टिफिकेट वाटून जाईल. शिक्षकांच्या त्या जाळ्यातली मला आवडलेली गोष्ट हीच की त्यांनी नवा विषय काढला नाही. इतिहासाच्या धड्यात, गोष्टीत, मैदानावरच्या भांडणात हीच साधनं वापरली.

आपल्याकडे मार्क नकोत, हजेरी नको. फर्स्ट इयरच्या पहिल्या महिन्यातले दोन शनिवार, एक फळा आणि ज्यांची एम-थ्री एकदा तरी राहिली आहे असे चार सीनियर्स एवढं पुरे. केटीवालेच का? 'मला गणित जमत नाही, कारण...' याच्यापुढे काय काय येऊ शकतं ते टॉपरपेक्षा त्यांना जास्त माहीत असतं. पहिला ढग जीटीचा घ्यावा. सरांनाही बोलवावं, पण त्यांना बाकावर बसवावं आणि त्यांचा ढग त्यांनाच काढायला सांगावा. मराठीत.